बाजू पलटण्याआधी

माझ्या कानांवर मोहर्लीचं कर्ज आहे. चंद्रपूरहून दुर्गापूर, ऊर्जानगर मागे टाकत जंगलाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव आज ताडोब्याचं मोठं प्रवेशद्वार म्हणून देशभर माहीत झालं आहे. पहाटे फाटकाशी जिप्सींची रांग लागते आणि जो तो वाघाची चौकशी करत असतो. माझी आणि मोहर्लीची गाठ मात्र संगीतानं बांधली. माझे मामा इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. त्यांच्या ओसरीवर, एका टेपरेकॉर्डरसमोर बसून मी जे ऐकलं आणि जसं ऐकलं, त्यावर माझं पुढचं सगळं ऐकणं उभं आहे. गाणं ऐकताना भान हरपतं म्हणजे काय होतं, हे मला तिथे कळलं. हरपलेलं भान परत येतं तेव्हा आधीपेक्षा लख्ख होऊन येतं, हेही तिथेच कळलं.

मी वाढले चंद्रपूर शहरात. औष्णिक वीज केंद्राची घरघर, कोळशाच्या मालगाड्या, खाणीतल्या सुरुंगांनी थरथरणारी खिडक्यांची तावदानं, हे आमच्या घरचं रोजचं पार्श्वसंगीत. अशा गावात मूल फार लवकर कान मिटून घ्यायला शिकतं. उन्हाळ्याची सुटी लागली की आई मला मोहर्लीच्या एसटीत बसवून द्यायची. पद्मापूरच्या पुढे झाडं दाट होत जायची, इरई धरणाचं पाणी चमकायचं आणि गाडीच्या खडखडाटातही आपण वेगळ्या मुलखात आलो हे जाणवायचं. तेव्हा मोहर्लीत रिसॉर्टांची गर्दी नव्हती. वनखात्याचं विश्रामगृह, शाळा, कवेलूंची घरं, बांबूच्या ताट्यांची कुंपणं आणि मोहाच्या हंगामात अंधारातच टोपल्या घेऊन निघालेल्या बाया, एवढंच गाव माझ्या डोळ्यांसमोर आहे.

मामांकडे सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर होता. गावात वीज होती, पण तिचा भरवसा नव्हता, आणि सेल स्वस्त नव्हते. संपत आलेले सेल मामा दुपारी ओसरीच्या पायरीवर ओळीनं उन्हात मांडून ठेवत. ऊन खाऊन त्यांच्यात आणखी थोडा जीव यायचा. कॅसेट मागे न्यायला सेल खर्ची घालायचे नाहीत असा दंडक होता. ते काम पेन्सिलीनं, आणि ते माझ्याकडे. सेल उतरले की फीत मंद फिरायची आणि सूर खाली बसायचा. मला कळायच्या आत मामांना कळलेलं असायचं. ते शांतपणे उठून बटण दाबत. ‘षड्ज हलला, आता नको,’ एवढंच म्हणत.

कॅसेटी फार नव्हत्या. त्यांतली एक ‘कॉल ऑफ द व्हॅली’. मूळ ध्वनिमुद्रिका एच.एम.व्ही.नं १९६७ साली काढलेली. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काब्रा आणि तबल्याला माणिकराव पोपटकर. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत रागांतून उलगडायचा, अशी तिची मांडणी आहे. अहिर भैरव आणि नटभैरवानं उजाडतं, पिलूपाशी पहिली बाजू संपते. दुसऱ्या बाजूला भूप, देस आणि अखेर पहाडी.

शिवकुमार, हरिप्रसाद आणि काब्रा हे तिघेही तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावरचे होते. संतूर मैफलीत येऊन जेमतेम एक तप झालं होतं. १९५५ साली शिवकुमारांनी मुंबईत ते पहिल्यांदा वाजवलं, तेव्हा ‘एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकणारी मींड यातून कशी निघणार’ असा आक्षेप जाणकारांनी घेतला होता. काब्रांची गिटार तर परदेशातून आलेली. ती मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पोलादी तुकडा सरकवत ते आपला राग तिच्यातून काढत. या तीन वाद्यांचा स्वभाव जुळला आणि त्यातूनच ते वातावरण तयार झालं. संतूरचा स्वर आघातानं जन्मतो आणि जन्मताच विरू लागतो. तो विरतो तिथे बासरी येऊन उभी राहते. दोघांमधली फट गिटारची घसीट भरून काढते. ऐकणाऱ्याला पाय टेकायला कुठे कडा सापडत नाही, आणि तो आत आत जात राहतो.

दोन्ही बाजू मिळून साधारण चाळीस मिनिटांचं हे संगीत मामांच्या घरी अख्खा दिवस पुरायचं. पहिली बाजू उजाडायच्या सुमाराला लागायची. ती संपली की बटण खट्कन वर यायचं आणि कॅसेट तशीच आत राहायची. दुसरी बाजू लागायची ती थेट दिवेलागणीला. ‘मामा, पलटू का?’ असं मी विचारलं की ते म्हणायचे, ‘त्याची आत्ता कुठे सकाळ झाली. त्याचा दिवस तर जाऊ दे.’

बटण वर आलं म्हणून लगेच कुणी उठायचं नाही, हा दुसरा दंडक. थोडा वेळ तसंच बसायचं. मग मामा विचारत, ‘काय काय ऐकू आलं, सांग. लांबचं आधी.’ सुरुवातीला मी ‘पक्षी’ एवढंच म्हणायची. हळूहळू तो एकच गलका सुटा सुटा होऊ लागला. धरणाच्या अंगाला टिटवी. त्याअलीकडे गावाबाहेरच्या झाडावर कुटुर्ग्याची हाक, एकानं दिलेली आणि दुसऱ्यानं झेललेली. त्याहून जवळ तांबटाचे एका लयीतले ठोके. वारा सुटला तर बांबूच्या बेटात कांड्या एकमेकींवर घासून होणारी करकर. आणि सागाचं पान. सागाचं वाळकं पान चांगलं हातभर मोठं असतं. उन्हाळ्यात ते फांदीवरून सुटतं, खाली येताना दोनतीन ठिकाणी आपटतं, आणि जमिनीवर टेकतं तेव्हा कुणाचं तरी पाऊल पडल्याचा भास होतो. हे पान मला सगळ्यात उशिरा ऐकू आलं, आणि ते ऐकू आलं त्या सकाळी मामा खूश झाले.

या सगळ्याची गंमत अशी की अहिर भैरव ऐकायला बसण्याआधी हेच आवाज चालू असायचे आणि मला त्यांचा पत्ता नसायचा. वीस मिनिटं संतूरची विरत जाणारी तार ऐकली की कान इतके हळुवार होत, की त्यानंतरचं बारीकसारीक सगळं आपोआप आत यायचं. ज्या संगीतात माणूस हरवतो, तेच संगीत त्याला भोवतालचं ऐकायला तयार करतं. मामांनी हे मला कधी वाक्यात सांगितलं नाही. त्यांनी फक्त कॅसेट पलटू दिली नाही.

गावची गुरं राखणारे एक गोवारी बुजुर्ग सकाळी मामांकडे चहाला टेकायचे. मामा त्यांना काकाजी म्हणत. त्यांच्याकडे त्यांनीच कापून, तापल्या सळईनं भोकं पाडून केलेली बांबूची बासरी होती. दिवाळीत गायगोधनाला गोवाऱ्यांची ढाल निघते, डफ आणि बासरी वाजते, तेव्हा ते सगळ्यांच्या पुढे असत. गुरं सोडायची वेळ आणि अहिर भैरवाची वेळ एकच, त्यामुळे पहिली बाजू त्यांनी बहुतेकदा काठीवर हनुवटी टेकवून उभ्यानंच ऐकलेली. एका संध्याकाळी गुरं घरोघर लावून ते ओसरीवर आले आणि दुसरी बाजू शेवटपर्यंत ऐकली. पहाडी संपली. बटण वर आलं. मामांच्या रिवाजाप्रमाणे थोडा वेळ गेला.

‘गुरुजी, ह्या बासरीवाल्यानं ढोरं राखली नाहीत,’ काकाजी म्हणाले.

‘कशावरून, काकाजी?’

‘ढोरं राखणारा येवढं सलग वाजवत नाही जी. मधी मधी थांबून आयकाव लागते, ढोरं कोनीकडं गेली थे.’

मामा हसले. काकाजींनी बिडी पेटवली, दोन झुरके घेतले आणि पुढे म्हणाले, ‘पन घरी येतानाचं त्याले बराबर ठाऊक हाये.’

पहिला अंदाज बिनचूक होता. हरिप्रसाद अलाहाबादेतल्या एका पहिलवानाचे चिरंजीव. गुरांमागे नव्हे, आखाड्याच्या अंगणात वाढलेले. दुसरी दाद त्याहून मोठी होती. पहाडीतली ती उतरती संध्याकाळ जन्मभर गुरं घरी आणणाऱ्या माणसानं खरी मानली, याहून मोठं प्रशस्तिपत्र त्या ध्वनिमुद्रिकेला मिळालं असेल असं मला वाटत नाही.

त्यानंतर मी काकाजींची बासरी नीट ऐकू लागले. दोन-चार स्वरांची एक ओळ ते वाजवत आणि थांबत. त्या थांबण्यात गुरांच्या गळ्यातल्या लाकडी घंटा ऐकून घेत. सगळ्या घंटा जागच्या जागी असल्या की पुढची ओळ. एखादी घंटा लांब गेली असली, किंवा वानरानं खाकरल्यासारखी हाक दिली, की बासरी कंबरेला. मोहर्लीच्या भोवतालच्या रानात हे थांबणं म्हणजे जिवाचा प्रश्न आहे. या जिल्ह्यात गुराखी आणि मोहफुलं वेचायला गेलेल्या बाया वाघाच्या तोंडी जातात. शहरात ती पेपरातली बातमी असते, इथे ते शेजारच्या घरातलं सुतक असतं. तरीही काकाजी बासरी घेऊन जात. वाजवताना ते तिच्यात पुरते रमलेले असत आणि तरी त्यांचे कान रानभर असत. गुंगणं आणि सावध असणं या दोन गोष्टी एकाच माणसात एकाच वेळी नांदू शकतात, हे मी त्यांच्यात पाहिलं. मैफलीत डोळे मिटून बसलेले कितीतरी रसिक मी पुढे पाहिले. त्यांच्यात इतकं पक्कं ऐकणारा क्वचितच कुणी आढळला.

ऋणाची ही साखळी मागे नेली की ती फिरून विदर्भातच येते. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ज्यांच्या देखरेखीखाली झालं, ते एच.एम.व्ही.चे निर्माते जी. एन. जोशी. मराठी भावगीताचा उगम ज्या ध्वनिमुद्रिकेपाशी मानतात, ती १९३० च्या दशकाच्या आरंभीची ‘शीळ’ याच जोशींनी गायलेली. कविता मेहकरचे वकील-कवी ना. घ. देशपांडे यांची. रानात घुमणाऱ्या एका शिळेच्या गाण्यानं ज्यांनी तरुणपणी नाव मिळवलं, त्यांनीच सुमारे तीन तपांनी एका मेंढपाळाच्या दिवसाला ध्वनिमुद्रिकेची जागा करून दिली. मधल्या काळात तबकडीही बदलली होती. ७८ फेऱ्यांच्या तबकडीत एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मिळत. गायकाला राग मुठीत धरून आणावा लागे. एल.पी. आली आणि एका बाजूला वीसेक मिनिटांची मोकळीक मिळाली. स्वर विरू देण्याइतका वेळ हातात आला, तेव्हाच वातावरणाचं संगीत ध्वनिमुद्रिकेवर उतरू शकलं. जोशींच्या ‘स्वरगंगेच्या तीरी’ या आठवणी मी फार उशिरा वाचल्या. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत बसून हा माणूस कुणाकुणाचं देणं होऊन बसला आहे, या विचारानं पुस्तक मिटून कितीतरी वेळ तशीच बसले होते.

मामांमुळे लागलेली ओढ मला पुढे मिरजेला घेऊन गेली. तिथल्या सतारमेकरांच्या घराण्यांनी दीडशेहून अधिक वर्षं सतारी आणि तंबोरे घडवले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. एका कारागिराला मी तंबोऱ्याची जवारी काढताना पाहिलं. भोपळ्यावरच्या रुंद घोडीचा माथा तो कानशीनं घासत होता, तोही इतका हलका की भुकटी बोटाला लागली तरच दिसावी. घासायचं, तार चढवायची, छेडायची, मान हलवायची, पुन्हा तार उतरवायची. मग तारेखाली सुताचा दोरा घातला आणि तो नखानं केसभर पुढे सरकवला. तार मुकी वाजली. आणखी केसभर. आणि एकदम ती बोलली. एका स्वरातून स्वरांचा झरा सुरू झाला, षड्जातून गंधार स्वतःहून वर आला. कारागीर म्हणाला, ‘आता उघडली.’

का उघडते, याचा शोध सी. व्ही. रामन यांनी घेतला होता; भारतीय तंतुवाद्यांवरचा त्यांचा लेख १९२१ चा. घोडीचा माथा किंचित बाकदार असल्यानं थरथरणारी तार त्याला टेकत आणि सुटत राहते, आणि एरवी उमटू नयेत असे उपस्वरही त्यातून जागे होतात. गुंगवून टाकणाऱ्या संगीताचं मूळ मला त्या केसभर जागेत दिसलं. या नादानं दूरवरच्या लोकांनाही ओढून घेतलं. किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ १९७० मध्ये न्यूयॉर्कला गेले आणि ला मॉन्ट यंग, टेरी रायली यांच्यासारखे संगीतकार त्यांचे शागीर्द झाले. तासन्‌तास एकाच नादात राहणाऱ्या तिकडच्या संगीतावर तंबोऱ्याची सावली आहे. १९७८ मध्ये ब्रायन ईनोनं विमानतळासाठी संथ संगीताची ध्वनिमुद्रिका काढली आणि ‘अँबियंट’ हा शब्द रूढ झाला. आपल्याकडे किशोरीताई आमोणकर रागाच्या वातावरणाबद्दल आयुष्यभर बोलत राहिल्या. स्वर अचूक लागणं ही त्यांच्या लेखी सुरुवात होती. त्या स्वरांनी खोलीतली हवा बदलली पाहिजे, हा त्यांचा आग्रह. त्यांचा भूप ऐकताना ही हवा बदलते हे मी अनुभवलं आहे, आणि प्रत्येक वेळी मामांची ओसरी आठवली आहे.

कॅसेटीखेरीज मोहर्लीच्या त्या घरानं मला आणखी एक संगीत दिलं, ते जिवंत आणि रात्रभर चालणारं. मामींचं माहेर सिंदेवाहीच्या बाजूला. दिवाळी झाली, धान घरात आला, की झाडीपट्टीत नाटकं सुरू होतात. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या मुलखातलं हे स्वतःच्या पायावर उभं असलेलं रंगभूमीचं जग, आणि वडसा त्याची राजधानी. दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक. रात्री दहाच्या पुढे पडदा उघडायचा आणि नाटक पहाटेपर्यंत चालायचं. आम्ही पोरं घोंगड्या, चादरी घेऊन पुढे बसायचो. रंगमंचालगत ऑर्गन, तबला आणि क्लॅरिनेट घेऊन साथीदार बसत. नट गद्य बोलत असला तरी ऑर्गनवाला पायानं भाता चालता ठेवून एखादा सूर बारीक धरून ठेवायचा. आईच्या मरणाचा प्रवेश असो की सावकाराच्या दारातला, तो सूर खाली वाहत असायचा. मध्यरात्रीनंतर मला मामींच्या मांडीवर झोप लागायची, आणि झोपेतही नाटक चालूच राहायचं: सूर, टाळ्या, ‘वन्समोअर’, पुन्हा सूर. जाग यायची तेव्हा कथा बरीच पुढे गेलेली असायची, पण त्या सुरामुळे मला काही चुकल्यासारखं वाटायचं नाही. झाडीपट्टीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा मला मनोमन त्या ऑर्गनवाल्याला हात जोडावेसे वाटले. त्यांचं नाव मी कधी विचारलं नव्हतं. त्यांनी धरून ठेवलेला सूर मात्र माझ्यापाशी आहे.

कधी मामी मला मध्येच माहेरच्या घरी घेऊन निघायच्या. थंडीत, धानाच्या कापलेल्या बांध्यांमधून, धुऱ्यावरून चालत. गाव मागे पडायचं, उजेड दिसेनासा व्हायचा आणि नाटकातलं पद मात्र आणखी स्वच्छ ऐकू यायचं. तेव्हा मला ती जादू वाटायची. पुढे कारण कळलं. हिवाळ्याच्या निरभ्र रात्री जमीन लवकर निवते, तिला लागून असलेली हवा थंड होते आणि वरची हवा त्या मानानं उबदार राहते. वर निघालेला आवाज त्या उबदार थराशी वळतो आणि पुन्हा जमिनीकडे येतो, म्हणून लांबवर पोचतो. कारण कळल्यावर मला ते अधिकच आवडू लागलं. ताडोब्याच्या रस्त्याकडेला गोंडकालीन दगडी खांब उभे आहेत. त्यांना दोर आणि घंटा बांधून राजाच्या स्वारीची वर्दी पुढे पोचवत, असं इथले लोक सांगतात. ज्या लोकांनी रानात निरोपासाठी घंटा निवडली, त्यांना इथली हवा आवाज कसा वाहून नेते ते नक्कीच ठाऊक असणार.

मामांनी लावलेली सवय खरी कसाला लागली ती बुद्धपौर्णिमेच्या रात्री. या रात्री वनखातं पाणवठ्यांजवळच्या मचाणांवर बसायची संधी देतं. मोहर्लीच्या बफरमधल्या एका मचाणावर मी संध्याकाळी चढले ती उजाडल्यावर उतरले. आधी मोर आणि पावशा. अंधारताना रातव्यांची टकटक चहूबाजूंनी. चंद्र वर आला तशी टिटवी. मग बराच वेळ फक्त कीटकांचा अखंड षड्ज, आणि त्या षड्जावर मी कितीतरी वेळ तरंगत होते. एकाएकी टेकाडाच्या अंगाला सांबरानं हाक दिली, भरदार, एकच. काही क्षणांनी दुसऱ्या सांबराची, थोडी डावीकडे. मग चितळांची शिट्टी, आणखी डावीकडे, आणि उतरणीला. वाघ मला दिसला नाही. त्याची वाट मात्र सबंध ऐकू आली, टेकाडापासून नाल्यापर्यंत. काकाजींच्या बासरीतल्या थांबण्याला किती अर्थ होता, तो त्या रात्री माझ्या अंगावर आला.

मामा आता नाहीत. काकाजीही नाहीत. पण मामांचे विद्यार्थी मोहर्लीत आहेत आणि त्यांतले काही आज गाइड आहेत. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्यातल्या एकाबरोबर मी आत गेले होते. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं. तेव्हापासून या रानानं खूप पाहिलं, पण जिप्सीत बसलेल्या माणसांची घाई ही अलीकडची गोष्ट आहे. गाडीत आणखी एक कुटुंब होतं आणि मुलं कंटाळली होती. एका वळणावर त्यानं चालकाला इंजिन बंद करायला सांगितलं. ‘दोन मिनिटं कोनी बोलू नका जी,’ तो म्हणाला, आणि मग माझ्याकडे वळून हळूच, ‘गुरुजींची पहिली बाजू संपली समजा.’ मुलांना त्यानं बोटं दुमडत मोजायला लावलं: लांबचा आवाज आधी. धाकट्या मुलीची बोटं संपली तरी आवाज संपत नव्हते. तिनं त्याचा हात ओढून घेतला आणि त्याच्या बोटांवर पुढे मोजू लागली.

परतताना तो म्हणाला की वाघ शोधायचं निम्मं काम कानांचं असतं. वानर, सांबर, चितळ सांगतात, आपण ऐकायला थांबायचं. शाळेच्या सुटीत गुरुजींच्या ओसरीवर बसून जे शिकला, त्यावर त्याच्या घरची चूल चालते. मला वाटत आलं होतं की मामांनी मला एक छंद दिला. त्यांनी या गावाला एक हुन्नरही दिला होता, आणि तो त्यांच्या हयातीत कुणी मोजला नाही, त्यांनीही नाही.

माझ्याकडे आता सेल उन्हात ठेवायची वेळ येत नाही. फोनवर जगातलं सगळं संगीत आहे आणि ते एकामागून एक आपोआप लागत जातं. एक संपायच्या आत दुसरं सुरू होतं, मधे श्वासाला जागा नाही. म्हणून मी एक सोपी गोष्ट करते: ते आपोआप लागणं बंद ठेवते, आणि एक राग संपला की फोन बाजूला ठेवून लांबचा आवाज आधी शोधते. नागपुरातल्या वर्दळीच्या रस्त्यावर माझं घर आहे, तरी तिथेही काहीतरी सापडतंच.

मोहर्लीला याल तर चंद्रपूर सोडण्याआधी पहाटे पहिली बाजू ऐका. आत जंगलात फोन नेता येत नाही, ते बरंच आहे. दुसरी बाजू संध्याकाळी मुक्कामावर, आवाज लहान ठेवून. मधला सबंध दिवस त्या रानाला द्या. आणि गाइडनं कुठल्याशा वळणावर गाडी थांबवली, तर वाघ कुठे आहे असं त्याला लगेच विचारू नका. काय ऐकू येतंय ते विचारा. तो मन लावून सांगेल, कारण त्याला कुणीतरी तसंच मन लावून विचारलं होतं.